फोटो हलतात? चांगलं स्टॅबिलायझेशन असलेला छोटा कॅमेरा घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांनी आयुष्यभर हौसेने फोटो काढले. निवृत्तीनंतर त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप सुरू झाला आणि नातीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी काढलेले चाळीसच्या चाळीस फोटो हलले. त्या रात्री त्यांनी कॅमेरा पुसून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "आता तूच काढत जा." तो कॅमेरा त्यांच्या हातात परत यावा म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. तेव्हापासून नातेवाईक, ट्रेकचे सोबती आणि बाबांचे मित्र मला जे विचारत आले, ते इथे उत्तरांसकट लिहिलं आहे.

फोटो हाताने हलला की दुसऱ्या कशाने बिघडला, हे कसं ओळखायचं?

कॅमेरा बदलायच्या आधी हे ओळखता आलंच पाहिजे, कारण "फोटो नीट येत नाहीत" या एका तक्रारीत तीन वेगवेगळे दोष दडलेले असतात.

फोटो मोठा करून त्यातला एखादा उजेडाचा ठिपका शोधा. समईची ज्योत, दिव्यांची माळ, भांड्यावरची चमक, काहीही चालेल. सगळ्या ठिपक्यांच्या एकाच दिशेने जाणाऱ्या रेघा झाल्या असतील, तर हात हलला आहे. ठिपके गोल फुगलेत आणि मागची भिंत मात्र लख्ख दिसते आहे, तर फोकस चुकला. भिंत, खांब, पाट सगळं धारदार आणि फक्त पोरगं पुसट, तर पोरगं हललं आहे. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर खोडून काढणारी कॅमेऱ्यातली सोय, यांतल्या फक्त पहिल्या दोषावरचा इलाज आहे. उरलेल्या दोन्हींवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

बाबांच्या वाढदिवसाच्या फोटोंत केकवरच्या मेणबत्तीची ज्योत प्रत्येक वेळी स्वल्पविरामासारखी उमटली होती, खाली शेपूट डावीकडे वळलेली. चाळीस फोटोंत तोच स्वल्पविराम. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि नातीचाही नव्हता.

कॅमेऱ्याच्या आत हे स्टॅबिलायझेशन करतं तरी काय?

आत जायरो नावाचे इवलेसे सेन्सर असतात. कॅमेरा कुठल्या दिशेला किती वेगाने वळतो आहे, हे ते सतत मोजत राहतात. त्यावरून लेन्समधली एक काच किंवा फोटो टिपणारा सेन्सर विद्युतचुंबकाच्या साहाय्याने बरोबर उलट्या दिशेला सरकवला जातो. डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चालणाऱ्या बाईची मान पावलागणिक सावरत जाते, तसंच हे. कळशी स्थिर राहते, कारण तिच्याखाली कोणीतरी अखंड हलत असतं.

हे तंत्र सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या फोटो कॅमेऱ्यात पहिल्यांदा आलं ते १९९४ मध्ये, निकॉनच्या झूम ७०० व्हीआर या फिल्मच्या कॅमेऱ्यात, आणि तो छोटा, खिशात मावण्याच्या जातीतलाच होता. कॅननची अदलाबदलीची स्टॅबिलाइज्ड लेन्स त्यानंतरच्या वर्षी, १९९५ मध्ये आली. सेन्सरच हलवण्याची युक्ती कोनिका मिनोल्टाने २००३ मध्ये डिमाज ए१ मध्ये आणली.

ऑप्टिकल, सेन्सर-शिफ्ट, डिजिटल. यांत फरक काय?

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

ऑप्टिकल म्हणजे लेन्समधली काच हलते. सेन्सर-शिफ्ट म्हणजे आतला सेन्सर हलतो, यालाच आयबीआयएस असंही म्हणतात. दोन्ही खरेखुरे उपाय आहेत, कारण फोटो टिपला जात असतानाच हाताची हालचाल खोडली जाते.

डिजिटल किंवा इलेक्ट्रॉनिकमध्ये आत काहीच हलत नाही. व्हिडिओत प्रत्येक चौकटीच्या कडा थोड्या कापून चित्र मागेपुढे सरकवलं जातं, आणि व्हिडिओपुरता त्याचा उपयोग होतोही. पण फोटो ही एकच चौकट. ती हलली तर हललीच. मग फोटोच्या वेळी 'डिजिटल आयएस' काय करतं? बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत ते फक्त आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद देण्याची कॅमेऱ्याची ताकद, वाढवतं, त्यामुळे शटर (उजेड आत सोडणारा पडदा) लवकर बंद होतं. फोटो हलत नाही, पण त्यावर रवाळ दाणे येतात आणि चेहऱ्याची कातडी मेणासारखी दिसते. आयएसओ वाढवणं तुम्हाला हातानेही करता येतं, त्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे?

बाबांसाठी पहिल्यांदा कॅमेरा बघायला गेलो, तेव्हा दुकानातल्या माणसाने मला ठामपणे सांगितलं होतं, "डिजिटल काय नि ऑप्टिकल काय, दोन्ही एकच. हे नवीन, ते जुनं." मी विश्वास ठेवला. कॅमेरा घरी आणला, देवघरातल्या उजेडात बाबांनी दहा फोटो काढले आणि ज्योतीचे दहा स्वल्पविराम पुन्हा समोर आले. बाबा काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. ते बघवत नव्हतं. म्हणून आज मी प्रत्येकाला सांगतो: खोक्यावर 'स्टॅबिलायझेशन' हा शब्द दिसला म्हणून थांबू नका, त्याच्या आधीचा शब्द वाचा. 'ऑप्टिकल' किंवा 'सेन्सर-शिफ्ट' नसेल तर फोटोंसाठी तो कॅमेरा स्थिर नाही असंच समजा.

प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. ती कशी ओळखायची?

कॅनन 'आयएस' म्हणतं, सोनी 'ऑप्टिकल स्टेडीशॉट', पॅनासोनिक 'ओआयएस', निकॉन 'व्हीआर' आणि रिको 'शेक रिडक्शन'. सोनीच्या बाबतीत नुसतं 'स्टेडीशॉट' वाचून समाधान मानू नका, 'ऑप्टिकल' हा शब्द पाहिजेच. 'अ‍ॅक्टिव्ह', 'डायनॅमिक', 'सुपर' अशी विशेषणं बहुधा व्हिडिओच्या मोडची असतात.

'पाच अ‍ॅक्सिस' म्हणजे काय? तीन अ‍ॅक्सिसवर भागतं का?

आरशासमोर उभे राहा. मान 'हो' म्हणताना हलते तशी हलवा, हा पहिला अक्ष. 'नाही' म्हणताना हलते तशी हलवा, हा दुसरा. आता मान एका खांद्याकडे कलती करा, हा तिसरा. उरलेले दोन म्हणजे मान सरळ ठेवून सगळं अंगच डावी-उजवीकडे किंवा खाली-वर सरकणं.

साध्या फोटोत पहिले दोन अक्ष सर्वांत महत्त्वाचे. शटरचं बटण उजव्या बाजूला असल्यामुळे ते जोरात दाबलं की कॅमेरा किंचित कलतो, तिथे तिसरा कामी येतो. शेवटचे दोन जाणवतात ते अगदी जवळून फोटो काढताना. कासवरची फुलं, रानातले किडे किंवा आजीच्या नथीतले मोती टिपायचे असतील तर पाच अक्षांचा फरक खरोखर दिसतो. बाकी वेळी तीन अक्षांनी उत्तम भागतं.

'चार स्टॉप', 'सहा स्टॉप' हे आकडे खरे असतात का?

आकडे खोटे नसतात, पण ते तुमच्या हाताचे नसतात.

एक स्टॉप म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ दुप्पट. समजा, स्टॅबिलायझेशनशिवाय तुमचा हात १/६० सेकंदापर्यंत स्थिर राहतो. एक स्टॉप मिळाला की १/३०, दोन मिळाले की १/१५, तीन म्हणजे १/८ आणि चार म्हणजे १/४ सेकंद. १/६० पासून १/४ पर्यंत म्हणजे तेवढ्याच फोटोत जवळजवळ सोळापट उजेड. तिन्हीसांजेच्या अंगणात हा फरक फार मोठा असतो.

हे आकडे सीपा या जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या पद्धतीने काढतात. कॅमेरा एका थरथरत्या यंत्रावर बसवतात आणि फोटो किती हलला ते मोजतात. २०१२ च्या पद्धतीत फक्त 'हो' आणि 'नाही' या दोनच दिशा धरल्या होत्या, २०२४ च्या सुधारित पद्धतीत कलण्याची दिशाही धरली जाते. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याचा आकडा नव्याच्या आकड्याशेजारी ठेवून भावाची घासाघीस करण्यात अर्थ नाही. यंत्र दमत नाही, धापा टाकत नाही, आणि हरिश्चंद्रगड चढून वर आलेला माणूस मात्र टाकतो. मी जाहीर आकड्यातून एक स्टॉप वजा करूनच हिशोब धरतो.

स्टॅबिलायझेशन चांगलं असलं की ढोल-ताशाचे आणि लेझीमचे फोटो स्वच्छ येतील ना?

नाही. हे मला रोज सांगावं लागतं आणि मी रोज सांगेन.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, समोरच्याचा नाही. १/८ सेकंदात ढोलावरचं टिपरू खाली येऊन वर गेलेलं असतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत मागचं देऊळ लख्ख येईल आणि वादकाच्या हाताच्या जागी धूर दिसेल. चालत्या माणसासाठी साधारण १/१२५, पळत्या पोरांसाठी १/२५० ते १/५०० आणि लेझीम किंवा ढोलासाठी १/५०० च्या पुढचा शटर स्पीड ठेवावा लागतो. तो रात्री मिळवायचा तर उजेड आत घेणारी लेन्स आणि मोठा सेन्सर पाहिजे.

मग आधी काय बघायचं, स्टॅबिलायझेशन, लेन्स की सेन्सर?

तुम्ही काय टिपता त्यावर ठरवा. लेणी, देवळं, वाडे, संध्याकाळचे डोंगर, म्हणजे न हलणारं जग असेल, तर आधी स्टॅबिलायझेशन. घरातली मुलं, लग्नं, नाटकं, खेळ असतील, तर आधी लेन्सचा एफ आकडा आणि सेन्सर.

एफ आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. एफ १.८ ची लेन्स एफ २.८ पेक्षा जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते. सेन्सरचंही तसंच. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंच नावाचा सेन्सर असतो, त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. 'एक इंची' सेन्सरचं ११६, म्हणजे चौपट. (नाव एक इंची असलं तरी तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच असतो. जुन्या काळच्या व्हिडिओ ट्यूबच्या मापांवरून ही नावं चालत आली आहेत.) रिको जीआर किंवा फुजीच्या एक्स१०० मालिकेत एपीएस-सी सेन्सर असतो, तो एक इंचीच्या तिप्पट.

नवेपणा आणि मोठा सेन्सर या दोनांपैकी एकच परवडत असेल, तर एक इंची सेन्सर आणि एफ १.८ ची लेन्स असलेला जुना कॅमेरा घ्या, लहान सेन्सरचा नवा कोरा नको. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

हातात चांगला मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला?

दिवसाउजेडी, घरच्या घरी, आणि फोटो लगेच ग्रुपवर टाकायचे असतील तर खरंच गरज नाही. आताच्या चांगल्या मोबाइलमध्येही ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन असतं आणि अंधारात तो बरेच फोटो एकावर एक रचून काम भागवतो. पण लांबचं जवळ आणायचं झालं, फोटो मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावायचा झाला, किंवा ज्याचे हात थरथरतात त्याला गुळगुळीत काचेचा पातळ तुकडा धरण्याऐवजी पकड असलेली वस्तू हवी असेल, तर कॅमेराच हवा. बाबा मोबाइलच्या स्क्रीनवर बोट टेकवतात आणि टेकवतानाच तो हलतो.

प्रत्यक्षात कोणते कॅमेरे बघू?

किमती सारख्या बदलतात म्हणून त्या लिहीत नाही. स्वभाव सांगतो.

रोजच्या वापराला आणि घरच्या कार्यक्रमांना कॅननचा जी७ एक्स मार्क ३. एक इंची सेन्सर, २४ ते १०० मिलिमीटरचं झूम (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ येतं), एफ १.८ ते २.८, चार स्टॉपचं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि वजन ३०४ ग्रॅम. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर मात्र नाही.

प्रवासाला एकच कॅमेरा न्यायचा असेल तर सोनीचा आरएक्स१०० मार्क ७. तेवढ्याच वजनात २४ ते २०० मिलिमीटर, ऑप्टिकल स्टेडीशॉट आणि आतून वर येणारा व्ह्यूफाइंडर. लेन्स एफ २.८ ते ४.५ असल्यामुळे अंधारात कॅननच्या मागे पडतो.

रस्त्यावरचं जग, गल्ल्या, बाजार टिपणाऱ्यांसाठी रिको जीआर ३. झूम नाही, फक्त २८ मिलिमीटर. एपीएस-सी सेन्सर, तीन अक्षांचं सेन्सर-शिफ्ट, आणि बॅटरीसकट २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशात मावतो. २०२५ मध्ये आलेल्या जीआर ४ मध्ये पाच अक्ष आणि सहा स्टॉप आहेत. दोन्हींत फ्लॅश नाही, हे घरगुती समारंभांचे फोटो काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला. ४० मेगापिक्सेल, ३५ मिलिमीटरसारखी एकच लेन्स, एफ २, सहा स्टॉप. पण ५२१ ग्रॅम. हा खिशातला नाही, खांद्यावरचा कॅमेरा आहे.

पावसाळी ट्रेकला आणि समुद्रावर ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७. पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो आणि त्यात सेन्सर-शिफ्ट आहे. सेन्सर लहान असल्याने अंधारात फार अपेक्षा ठेवू नका. देवकुंडच्या धबधब्यापाशी मात्र बाकी सगळे कॅमेरे बॅगेत असतात आणि हा बाहेर असतो.

महागडा कॅमेरा म्हणजे स्टॅबिलायझेशन असणारच, असं धरून चालू का?

मुळीच नाही. सोनीचा आरएक्स१आर मार्क ३ हा २०२५ मधला, फुल फ्रेम, म्हणजे एपीएस-सीपेक्षाही मोठ्या सेन्सरचा अत्यंत महागडा छोटा कॅमेरा. त्यात फोटोंसाठी स्टॅबिलायझेशनच नाही. फुजीचा एक्स१००व्ही दिसायला थेट एक्स१००व्हीआयसारखा, पण त्यात ते नाही. रिकोच्या जीआर २ मध्ये नव्हतं, जीआर ३ मध्ये आलं. सोनीच्या पहिल्या झेडव्ही-१ मध्ये ऑप्टिकल आहे, तर नंतर आलेल्या झेडव्ही-१ मार्क २ मध्ये फक्त इलेक्ट्रॉनिक. नवं मॉडेल म्हणजे सुधारलेलं मॉडेल, हे गृहीत धरू नका. नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की हातात वेगळाच कॅमेरा येतो.

पक्ष्यांसाठी ३० किंवा ४० पट झूमचा छोटा कॅमेरा चालेल?

भरपूर ऊन असेल तर चालेल. कॅननचा एसएक्स७४० एचएस घ्या उदाहरणाला. ४० पट झूम, म्हणजे २४ ते ९६० मिलिमीटर, आणि तीन स्टॉपचं स्टॅबिलायझेशन. आता हिशोब मांडू. जुना ठोकताळा असा की ९६० मिलिमीटरला हाताने फोटो काढायचा तर शटर स्पीड साधारण १/१००० हवा. तीन स्टॉप मिळाले की १/१२५. बसलेल्या खंड्यासाठी हे पुरेसं आहे. पण पूर्ण झूमला ती लेन्स एफ ६.९ होते, म्हणजे एफ २.८ च्या लेन्सपेक्षा सहापट कमी उजेड. सकाळी सातला झाडाच्या सावलीतल्या पक्ष्याचा फोटो दाणेदारच येणार. पॅनासोनिकच्या टीझेड९९ ची, म्हणजे ३० पट झूमवाल्याची, गोष्टही तशीच.

आईवडिलांचे हात थरथरतात. त्यांच्यासाठी काय घेऊ?

कंप नव्याने सुरू झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, कॅमेरा नंतर.

बाबांसाठी मी शेवटी सेकंडहँड सोनी आरएक्स१०० मार्क ३ घेतला. त्यात ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आहे, लेन्स एफ १.८ ते २.८ आहे, पण निवडीचं खरं कारण म्हणजे त्याचा वर येणारा व्ह्यूफाइंडर. कॅमेरा हात लांब करून धरला की दोनच हातांचा आधार. तोच डोळ्याला लावला की कपाळ आणि गाल मिळून तिसरा आधार तयार होतो, कोपर आपोआप बरगड्यांना टेकतात आणि अर्धा कंप तिथेच जिरतो. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी मी व्ह्यूफाइंडरला एका स्टॉपपेक्षा जास्त किंमत देतो.

आणखी एक. फार हलका कॅमेरा घेऊ नका, कारण बटण दाबताना हलकी वस्तूच जास्त ढळते. पुढच्या बाजूला चिकटवायची रबरी पकड मिळते, ती लावा. आणि सलग फोटोंचा मोड चालू ठेवा. बटण दाबताना पहिला फोटो हलतो, बोट दाबलेलंच असल्यामुळे दुसरा-तिसरा स्थिर येतो. बाबांचा तिसरा फोटो बहुतेक वेळा स्वच्छ असतो.

अजिंठ्यासारख्या ठिकाणी, फ्लॅश चालत नाही तिथे, किती उपयोग होतो?

स्टॅबिलायझेशनचं खरं मोल कळतं ते तिथेच. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती अगदी योग्य आहे, त्या रंगांचं वय दीड हजार वर्षांच्या पुढे आहे. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. उजेड इतका मंद असतो की उन्हातून पहिल्या लेण्यात शिरल्यावर दोन-तीन मिनिटं पद्मपाणी नीट दिसतच नाही. मग हळूहळू डोळे सरावतात आणि आधी मुकुट, मग झुकलेल्या पापण्या आणि शेवटी हातातलं निळं कमळ उमटत जातं.

तिथे मी एफ १.८, आयएसओ १६०० आणि १/८ सेकंद असा फोटो काढला. श्वास अर्धा सोडून थांबलो, सलग पाच काढले, त्यातले तीन स्थिर आले. पापणीची रेघ स्पष्ट दिसते. स्टॅबिलायझेशन नसतं तर आयएसओ निदान चौपट करावा लागला असता आणि रंगांची ती मऊ उतरंड दाण्यांत हरवली असती. जाणार असाल तर लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी.

चालता चालता व्हिडिओ काढायचा आहे. हेच कॅमेरे चालतील?

उभं राहून काढलेल्या व्हिडिओला चालतील. चालताना मात्र पावलाचा हिसका एवढा मोठा असतो की काच किंवा सेन्सर तेवढं सरकूच शकत नाही. मग कॅमेरा इलेक्ट्रॉनिक मदत घेतो आणि कडा कापतो, त्यामुळे हात लांब करून स्वतःचा व्हिडिओ काढाल तर चेहऱ्यानेच चौकट भरते. चालत्या व्हिडिओचंच काम मुख्य असेल, तर डीजेआयच्या ऑस्मो पॉकेट ३ सारखा कॅमेरा बघा. त्यात अख्खा कॅमेराच तीन अक्षांच्या गिंबलवर, म्हणजे मोटरने तोल सावरणाऱ्या दांडीवर, फिरतो. वारीत दिंडीबरोबर चालत चित्रण करणाऱ्याला असंच काही लागेल.

ट्रायपॉडवर लावल्यावर स्टॅबिलायझेशन बंद करायचं का?

करा. काही कॅमेरे ट्रायपॉड आपोआप ओळखतात, पण सगळे नाही. हलतच नसलेल्या कॅमेऱ्यात हालचाल शोधण्याच्या नादात काच स्वतःच सरकत राहते आणि लांब एक्स्पोजरचा, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो किंचित मऊ येतो. खाली उतरवल्यावर पुन्हा चालू करायला विसरू नका.

बॅटरी जास्त खातं का?

थोडी. पण छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी मुळातच लहान असते, तेव्हा जादा बॅटरी जवळ ठेवायचीच. ती वाचवण्यासाठी स्टॅबिलायझेशन बंद करू नका.

बंद कॅमेरा हलवला की आतून खडखड येते. मोडला का?

बहुधा नाही. सेन्सर-शिफ्ट असलेल्या काही कॅमेऱ्यांत सेन्सर चुंबकांच्या आधाराने तरंगता असतो. वीज नसताना तो मोकळा होतो आणि किंचित वाजतो. कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला पाहिजे. चालू असतानाही खडखडला किंवा स्क्रीनवरचं चित्र थरथरलं, तर दुरुस्तीला न्यावं लागेल.

बाईकवरून नेला तर बिघडतो का?

हँडलला लावून नेऊ नका. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आयफोनबद्दल हेच जाहीरपणे सांगितलं होतं: मोटारसायकलच्या इंजिनाची जोरदार, सततची कंपनं हँडलवरून थेट पोहोचली तर कॅमेऱ्यातली स्टॅबिलायझेशनची यंत्रणा बिघडू शकते. छोट्या कॅमेऱ्यात तशीच नाजूक यंत्रणा आहे. डिकीतही टाकू नका. पाठीवरच्या सॅकमध्ये, कपड्यांच्या घडीत ठेवा. आपलं अंग बरीचशी कंपनं शोषून घेतं.

सेकंडहँड घेताना स्टॅबिलायझेशन चालू आहे हे कसं तपासू?

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून दहा मिनिटं मागून घ्या. कुरकुर केली तर तो कॅमेरा सोडून द्या.

पूर्ण झूम करा, दूरच्या पाटीवर रोखा आणि बटण अर्धं दाबा. स्क्रीनवरचं नाचणारं चित्र क्षणात शांत झाल्यासारखं दिसलं पाहिजे. शांत खोलीत कान लावला तर बारीक घूंऽऽ ऐकू येईल, तो आवाज निरोगी आहे. मग शटर स्पीड १/१५ वर ठेवा, स्टॅबिलायझेशन बंद करून दहा फोटो आणि चालू करून दहा फोटो काढा. मोठे करून मोजा. बंद असताना दहात दोन-तीन स्थिर आणि चालू असताना सात-आठ आले, तर यंत्रणा ठणठणीत. दोन्हीकडे आकडा सारखाच आला तर ती मेलेली आहे.

लेन्स बाहेर-आत करून घासल्याचा आवाज येतो का पाहा. आकाशाचा फोटो घेऊन काळे ठिपके शोधा, कारण आतबाहेर होणारी लेन्स धूळ आत ओढते. कोकणातला किंवा मुंबईतला कॅमेरा असेल तर लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे आहेत का बघाच. नवा घेत असाल तर जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी, दोन्ही हातात घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

कॅमेरा न बदलता फोटो कमी हलावेत यासाठी काही करता येईल?

बरंच. खांबाला खांदा टेकवा. बटण ठोकू नका, लिंबू हलकेच पिळतो तसं दाबा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का फोटो निघेपर्यंत विरतो.

आणि एक उपाय मी बाबांसाठी केला. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी पाव इंची आट्यांचं भोक असतं. त्यात बसणारा छोटा स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळाला, त्याला पायजम्याचा जाड नाडा बांधला आणि नाडा उंचीप्रमाणे कापून खालच्या टोकाला गाठ मारली. गाठ चपलेखाली दाबायची, कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि नाडा ताणेपर्यंत वर ओढून धरायचा. ताणामुळे खाली-वर होणारी थरथर जवळजवळ थांबते. घडी करून खिशात मावतो आणि देवळात कोणी हटकत नाही.

नवा कॅमेरा आल्यावर पहिल्या दिवशी काय करू?

स्वतःच्या हाताचा आकडा काढा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर दोन मीटरवर उभे राहा आणि १/६०, १/३०, १/१५, १/८, १/४ अशा प्रत्येक वेगाला पाच-पाच फोटो काढा. मग तिथीची बारीक अक्षरं मोठी करून वाचा. पाचपैकी चार फोटोंत अक्षर लागलं, तो तुमचा आकडा. अनेक कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड ठरवता येतो, तिथे तो भरून टाका. त्यापेक्षा हळू जायची वेळ आली की कॅमेरा आपणहून आयएसओ वाढवेल. माझा आकडा १/८ आहे. बाबांचा १/३० निघाला, नाडा लावून १/१५. त्यांनी तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवला आहे, आणि गेल्या दिवाळीत नातीने लावलेल्या पणत्यांचे फोटो त्यांनीच काढले.